बुडालेल्या टेकड्या आणि त्यांच्या खुणा

धरणामागे साठलेल्या पाण्याला आपण सरोवर म्हणतो. परंतु नैसर्गिक सरोवर आणि धरणाचा जलाशय ह्यांत नाव चालवणाऱ्याच्या दृष्टीने एक मोठा फरक आहे. नैसर्गिक सरोवराचा तळ हजारो वर्षे पाण्याखाली राहिलेला असतो. लाटांनी त्याचे काठ झिजवलेले असतात आणि गाळाने त्यातील खाचखळगे बुजवत आणलेले असतात. जलाशयाचा तळ मात्र अगदी अलीकडेपर्यंत जमीन होता. तेथे शेते होती, बांध होते, विहिरी, रस्ते, देवळे, झाडे आणि टेकड्या होत्या. पाणी चढले तेव्हा ह्यांपैकी बहुतेक गोष्टी नाहीशा झाल्या नाहीत. त्या केवळ दिसेनाशा झाल्या.

ओडिशातील संबळपूरजवळ महानदीवर बांधलेल्या हिराकुड धरणाचे उद्घाटन १३ जानेवारी १९५७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. हा जलाशय पूर्ण भरला म्हणजे सुमारे ७४३ चौरस किलोमीटर क्षेत्र पाण्याखाली जाते. शेकडो गावांना त्याची झळ पोचली. ह्या भागात अनेक जुनी देवळे होती, तीही बुडाली. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्यांपैकी काहींची शिखरे पुन्हा वर येतात. महाराष्ट्रातील वाचकांना असे दृश्य अपरिचित नाही. भीमा नदीवरील उजनीच्या जलाशयात पळसदेवचे प्राचीन देऊळ पाणी ओसरले म्हणजे उघडे पडते आणि ते पाहण्यासाठी लोक मुद्दाम जातात.

प्रेक्षकाच्या दृष्टीने हे नवल असते. परंतु जो मनुष्य ह्याच पाण्यावरून रोज मासे धरण्यास जातो, अथवा पलीकडच्या गावी प्रवासी नेतो, त्याच्यापुढे निराळा प्रश्न असतो. हे शिखर मे महिन्यात दिसते, हे खरे. पण जानेवारीत ते कोठे असते? पाण्याच्या पृष्ठभागापासून किती खाली असते? आणि आपली नाव त्याच्यावरून सुखरूप जाईल काय? ह्या प्रश्नांची उत्तरे नावाड्याला वेळेवर आणि अचूक मिळावीत ह्यासाठी पाण्यात व काठावर ज्या खुणा उभ्या करतात, त्यांचा विचार ह्या प्रकरणात करावयाचा आहे.

संकट केव्हा संकट होते?

जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत मोजतात. हिराकुड जलाशयाची पूर्ण पातळी ६३० फूट असून वापरासाठी पाणी जास्तीत जास्त ५९० फुटांपर्यंत उतरवता येते. म्हणजे एकाच वर्षात पाण्याचा पृष्ठभाग ४० फूट, म्हणजे सुमारे १२ मीटर, खालीवर होऊ शकतो. पुराचे पाणी सामावून घेता यावे म्हणून पावसाळ्याच्या आरंभी जलाशय बराचसा रिकामा ठेवतात. पावसाळ्याच्या शेवटी तो भरून घेतात आणि पुढे सिंचन व वीजनिर्मिती ह्यांसाठी पाणी हळूहळू खर्च होत जाते.

आता अशी कल्पना करू की, ह्या जलाशयात एका टेकडीचा माथा ६१२ फुटांवर आहे. पाणी ६३० फुटांवर असताना हा माथा १८ फूट खोल असतो. त्याच्यावरून कोणतीही नाव निर्धास्तपणे जाऊ शकते. पाणी ६०५ फुटांवर उतरले की तोच माथा सात फूट उंचीचे बेट होऊन उभा राहतो. तो लांबूनही दिसतो आणि नावाडी त्याला वळसा घालतो. परंतु पाणी ६१३ फुटांवर असेल तेव्हा काय होईल? माथ्यावर केवळ एक फूट पाणी असेल. वरून काहीही दिसणार नाही आणि यांत्रिक नावेचा पंखा दोन-तीन फूट खाली असल्याने तो खडकावर आपटल्याशिवाय राहणार नाही.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. खोल असलेला खडक धोक्याचा नाही आणि उघडा पडलेला खडकही फारसा धोक्याचा नाही. धोका आहे तो पृष्ठभागाच्या किंचित खाली दडलेल्या खडकाचा. जलाशयात पाणी सतत उतरत वा चढत असल्याने हा मान आज एका टेकडीकडे, तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या टेकडीकडे जातो. समुद्रावरही भरती-ओहोटीने खडक झाकले व उघडे पडतात. परंतु ते चक्र दिवसातून एकदा वा दोनदा फिरते आणि त्याचे वेळापत्रक आगाऊ छापता येते. जलाशयाचे चक्र वर्षाचे असते आणि ते पावसावर व धरणाच्या दरवाजांवर अवलंबून असते. म्हणून ‘गेल्या महिन्यात मी येथूनच गेलो होतो’ हा नावाड्याचा अनुभव समुद्रापेक्षा जलाशयात अधिक फसवा ठरतो.

झाडांची खोडे हे ह्याच प्रकारचे दुसरे संकट होय. केरळमधील पेरियार नदीवर मुल्लपेरियार धरण १८९५ साली पूर्ण झाले. त्या वेळी पाण्याखाली गेलेल्या अरण्यातील वाळलेली खोडे आजही तेक्कडीच्या सरोवरात उभी दिसतात. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो. सदैव पाण्यात बुडालेल्या लाकडाला तो फारच थोडा मिळतो, म्हणून ते दीर्घकाळ टिकते. जो भाग आलटून पालटून ओला व कोरडा होतो तो मात्र लवकर कुजतो आणि मोडून पडतो. परिणामी खोडाचा दिसणारा भाग जातो आणि न दिसणारा बुंधा तेवढा पाण्याखाली शिल्लक राहतो.

ह्या धरणाची कमाल पातळी १९७९ मध्ये १३६ फुटांवर आणण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती १४२ फुटांपर्यंत नेण्यास अनुमती दिली. धरणाच्या सुरक्षिततेविषयीचा तो वाद येथे आपला विषय नाही. परंतु पातळीत सहा फुटांचा फरक पडला म्हणजे जी खोडे एका पिढीने सदैव उघडी पाहिली, त्यांपैकी काही खोडे भरल्या सरोवरात झाकली जातात, एवढे येथे लक्षात घ्यावयाचे.

डोळे का फसतात?

पाणी स्वच्छ असेल तर खडक दिसेलच, असा सामान्य समज आहे. तो दोन कारणांनी चुकीचा आहे. पहिले कारण प्रकाशाचे परावर्तन. आपण पाण्याकडे सरळ वरून पाहतो तेव्हा पृष्ठभागावरून फार थोडा प्रकाश परत फिरतो आणि आतले दिसते. परंतु नावेत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम मीटर-दीड मीटर उंच असतात. तो पुढचे पाणी अगदी तिरप्या नजरेने पाहतो. अशा दृष्टिरेषेत पाणी आरशासारखे वागते आणि त्यात खडकाऐवजी आकाश दिसते. नावेखालचा खडक दिसतो, परंतु तोवर वेळ निघून गेलेली असते.

दुसरे कारण गढूळपणा. इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की ह्याने १८६५ मध्ये पाण्याची पारदर्शकता मोजण्याची एक सोपी रीत प्रचारात आणली. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडावयाची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजावयाची. पावसाळ्यात गाळ घेऊन आलेल्या नदीच्या पाण्यात ही तबकडी हातभर खोलीवरही दिसत नाही. पाणी चढत असण्याचा आणि गढूळ असण्याचा काळ एकच असतो. म्हणजे टेकड्या झाकल्या जातात नेमक्या त्याच वेळी डोळ्यांचा आधार सुटतो.

शोध आधी, खूण नंतर

खूण लावण्यापूर्वी संकट नेमके कोठे आहे हे ठाऊक असले पाहिजे. खोली मोजण्याचे जुने साधन म्हणजे शिशाचे वजन बांधलेली, अंतराच्या खुणा केलेली दोरी. आज हे काम ध्वनिलहरींच्या साहाय्याने होते. नावेखालून सोडलेला ध्वनी तळावर आदळून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून खोली कळते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. प्रतिध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागात परतला, तर ध्वनीने जाऊन-येऊन १५ मीटर अंतर काटले. म्हणजे खोली साडेसात मीटर.

दोरीने एका वेळी एकाच बिंदूची खोली कळते. साध्या ध्वनियंत्रालाही नावेखालचा अरुंद पट्टाच समजतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये उभा असलेला एखादा सुळका अथवा देवळाचे शिखर ह्या मोजणीतून निसटू शकते. म्हणून पूर्वीचे सर्वेक्षक दोन नावांच्या मध्ये ठरावीक खोलीवर तार ताणून ती पाण्यातून ओढत नेत असत. तार कोठेही अडली नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत मार्ग मोकळा आहे, अशी खात्री होई. आजची बहुकिरणी ध्वनियंत्रे तळाचा रुंद पट्टा एकाच वेळी मोजतात आणि हेच काम अधिक वेगाने करतात.

परंतु जलाशयाला एक अशी सोय आहे जी खोल समुद्राला कधीच मिळत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याच्या तळाचा मोठा भाग आपोआप उघडा पडतो. त्या वेळी सर्वेक्षकाला यंत्राशिवायही, केवळ पायी चालत, प्रत्येक खडक, बुंधा व भिंत पाहता येते आणि तिची उंची मोजून नोंदवता येते. शिवाय धरण बांधण्यापूर्वी त्या प्रदेशाचे नकाशे झालेले असतात. त्यांत समोच्च रेषा व गावे दाखवलेली असतात. ह्या नोंदींत एक दक्षता घ्यावी लागते. ‘येथे पाच फूट पाणी आहे’ असे लिहिण्यात अर्थ नाही. कारण ते फक्त त्या दिवसापुरते खरे असते. ‘ह्या माथ्याची उंची ६१२ फूट’ असे लिहिले, तर धरणावरील त्या दिवसाची पातळी विचारून नावाडी साध्या वजाबाकीने खोली काढू शकतो.

खुणांची भाषा

खूण ही एक प्रकारची भाषा आहे. बोलणारा आणि ऐकणारा ह्यांना शब्दाचा अर्थ एकच वाटला नाही, तर भाषेपासून अपाय होतो. हा धडा जगाला समुद्रावर शिकावा लागला. ११ जानेवारी १९७१ रोजी डोव्हरच्या सामुद्रधुनीत ‘टेक्साको कॅरिबियन’ हे तेलवाहू जहाज टक्कर होऊन बुडाले. दुसऱ्याच दिवशी ‘ब्रांडेनबुर्ग’ हे जहाज त्याच्या अवशेषांवर आदळून बुडाले. त्या जागी दीपनौका आणि बोये उभे करण्यात आले. तरीही २७ फेब्रुवारीला ‘निकी’ हे तिसरे जहाज तेथेच आदळले. ह्या तीन अपघातांत मिळून ५१ माणसे मरण पावली. खूण नव्हती असे नव्हे. पण त्या काळी जगात बोयांच्या तीसहून अधिक पद्धती रूढ होत्या आणि एका पद्धतीतील रंगाचा अर्थ दुसरीत निराळा होत असे.

ह्यानंतर दीपगृहे व तत्सम साधनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एकसूत्री पद्धत आखली आणि १९८० मध्ये टोकियो येथील परिषदेत तिला मान्यता मिळाली. भारत ज्या विभागात मोडतो त्यात समुद्राकडून बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल व उजव्या हाताला हिरवा बोया असतो. ही जोडी मार्गाच्या दोन कडा दाखवते. परंतु सरोवरात ‘समुद्राकडून आत’ अशी दिशाच नसते. नाव कोणत्याही काठाहून कोणत्याही काठाकडे जाऊ शकते. म्हणून तेथे लाल-हिरव्या जोडीपेक्षा दिशादर्शक खुणा अधिक उपयोगी पडतात.

दिशादर्शक खूण काळ्या व पिवळ्या रंगांची असते आणि तिच्या शेंड्यावर दोन काळे शंकू बसवलेले असतात. दोन्ही शंकूंची टोके वर असतील तर ती उत्तरेची खूण. तिच्या उत्तरेकडून जावे. दोन्ही टोके खाली असतील तर दक्षिणेची. तळ एकमेकांना जोडलेले असतील तर पूर्वेची आणि टोके समोरासमोर असतील तर पश्चिमेची. काळा रंग कोठे असावा हेही शंकूंवरूनच ठरते. ज्या बाजूला टोके वळलेली, त्या बाजूला काळा पट्टा. उत्तरेच्या खुणेचा वरचा भाग काळा असतो, तर दक्षिणेच्या खुणेचा खालचा. एकटा खडक असेल आणि त्याच्या सर्व बाजूंनी खोल पाणी असेल, तर त्याच्यावरच काळ्या रंगावर लाल पट्टे असलेली खूण उभारतात आणि तिच्या शेंड्यावर दोन काळे गोळे बसवतात. रात्री ह्या खुणेवरील पांढरा दिवा दोन-दोनदा लुकलुकतो.

सरोवराची भाषा आणि समुद्राची भाषा वेगळ्या राहिल्या तर काय घोटाळा होतो, ह्याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथील राज्यांच्या अंतर्गत जलमार्गांसाठी १९६० च्या दशकात एक स्वतंत्र पद्धत ठरली. तीत लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या बोयाचा अर्थ होता, ‘माझ्या आणि काठाच्या मधून जाऊ नका.’ समुद्रावरील आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याच लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा अर्थ आहे, ‘माझ्या सर्व बाजूंना सुरक्षित पाणी आहे.’ एकच खूण एका पाण्यावर धोका सांगे आणि दुसऱ्या पाण्यावर अभय देई. शेवटी ही जुनी पद्धत २००३ च्या अखेरीपर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली आणि धोका सांगणाऱ्या त्या बोयाला काळे-पांढरे पट्टे देण्यात आले.

आपल्या जलाशयांवर ह्याहून साधा घोटाळा होऊ शकतो. रिकामे प्लॅस्टिकचे डबे जाळ्यांचे तरंग म्हणून वापरले जातात. तसाच डबा कोणी सद्भावनेने खडकावर बांधला, तर नावाड्याला ती खूण वाटेल की जाळे? जाळे समजून तो त्याच्या जवळून निघून जाईल. म्हणून धोक्याची खूण दुसऱ्या कोणत्याही वस्तूसारखी दिसता कामा नये, हा पहिला नियम होय.

खूण जागेवर राहावी कशी?

बोया तळावरील काँक्रीटच्या ठोकळ्याला साखळीने बांधलेला असतो. साखळी आखूड असली तर पाणी चढताच बोया बुडतो. म्हणून ती सर्वाधिक खोलीपेक्षा लांब ठेवावी लागते आणि येथूनच दुसरी अडचण सुरू होते. समजा, भरल्या जलाशयात ठोकळ्यापाशी १५ मीटर पाणी आहे आणि साखळी १८ मीटरची आहे. अशा वेळी वाऱ्याने बोया ठोकळ्यापासून फार तर १० मीटर सरकतो. पाणी १२ मीटर उतरले आणि खोली तीन मीटर उरली, की सैल झालेली तीच साखळी त्याला जवळजवळ १८ मीटरपर्यंत भटकू देते. ज्या बाजूने जावे असे बोया सांगतो, तेथेच खडक असू शकतो. आणि हे घडते ते पाणी उथळ झाल्यावर, म्हणजे अचूकतेची गरज सर्वांत अधिक असते तेव्हा.

ह्यावर एक उपाय असा की, दोर बोयाखालच्या कडीतून ओवून त्याच्या मोकळ्या टोकाला वजन टांगावयाचे. पाणी उतरले की वजन खाली जाऊन दोराचा ढिलेपणा ओढून घेते. अर्थात खोली दोराच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली, की वजन तळाला टेकते आणि हा उपाय संपतो. मग दोर हातानेच आखूड करावा लागतो. पाणी ओसरले असताना टेकडीच्या माथ्यावर पक्का खांब उभारणे हा अधिक टिकाऊ मार्ग आहे. खांब भटकत नाही. आणि त्याच्यावर फूटपट्टीसारखे आकडे रंगवले, तर माथ्यावर किती पाणी आहे हेही तो सांगतो.

सर्वांत स्वस्त खूण पाण्यात नसतेच. काठावर एकामागे एक असे दोन खांब रोवतात. पुढचा बुटका व मागचा उंच. दोन्ही खांब एका रेषेत दिसतात तोवर नाव सुरक्षित मार्गावर आहे, आणि ते एकमेकांपासून सुटलेले दिसू लागले की नाव मार्गाबाहेर जात आहे, असे समजावे. पाण्याची पातळी कितीही बदलली तरी ही रेषा बदलत नाही. जुने नावाडी एखादा डोंगराचा सुळका आणि काठावरचे झाड ह्यांच्या आधारे हेच करीत आले आहेत. मात्र ते झाड तोडले गेले की पिढ्यान् पिढ्यांचे ज्ञान एका दिवसात पुसले जाते. पक्के खांब हे त्याच ज्ञानाचे लेखी रूप समजावयास हरकत नाही.

खूण म्हणजे वचन

खुणांनी सर्व अपघात टळतात असे नाही. ३० सप्टेंबर २००९ रोजी तेक्कडीच्या सरोवरात प्रवासी नाव उलटून ४५ जण बुडाले. तो अपघात खोडावर आपटून झाला नव्हता. नावेचा समतोल गेल्याने झाला होता. परंतु बुडालेल्या खडकाचाही ह्याच्याशी संबंध पोचतो. नाव आपटली म्हणजे तिला भोक पडतेच असे नाही. पण घाबरलेले प्रवासी एकदम उठतात, एका बाजूला धावतात आणि नाव कलंडते. म्हणून प्रवाशांची मर्यादित संख्या आणि अंगावर तरंगजाकीट ह्यांची जागा कोणतीही खूण घेऊ शकत नाही. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. त्याच्या व्याख्येत नद्यांबरोबर सरोवरेही येतात. तथापि कायद्याने खूण उभी करता येते. ती खरी ठेवण्याचे काम त्या त्या जलाशयावरच्या माणसांनाच करावे लागते.

जेथे खूण नसते तेथे नावाडी सावध असतो. तो वेग कमी करतो, काठीने पाणी चाचपतो. खूण दिसली की तो हा सावधपणा सोडतो आणि तिच्यावर विसंबतो; खुणेचा हेतूही तोच असतो. त्यामुळे सरकलेला बोया, रंग उडालेला खांब अथवा विझलेला दिवा हा केवळ निरुपयोगी नसतो. तो खूण नसण्यापेक्षा वाईट असतो. प्रत्येक पावसाळ्यानंतर आणि पाणी ठरावीक फूट उतरल्यानंतर खुणा तपासणे, हरवलेल्या खुणेची वार्ता घाटावर त्याच दिवशी फलकावर लिहिणे आणि पातळीचा आकडा रोज नावाड्यांपर्यंत पोचवणे, ही कामे खर्चाची नाहीत. पण ती दरवर्षी, न चुकता करावी लागतात.

पाण्याखाली गेलेल्या गावांतील लोकांना आपले देऊळ कोठे होते, विहीर कोठे होती, टेकडी कोठे होती हे ठाऊक होते. त्यांच्यापैकी कित्येकांची मुले व नातवंडे आज त्याच पाण्यावर जाळी टाकतात. पूर्वजांना जे पायांनी माहीत होते, ते त्यांना एखाद्या खांबावरून अथवा बोयावरून कळावे, आणि कळले ते खरे असावे, एवढीच ह्या साऱ्या खटाटोपाची अपेक्षा आहे.